रंध्याचा आवाज कसा असतो

दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून, कान तपासायची खोली होती, आणि त्या खोलीच्या पोटात आणखी एक खोली. कपाटापेक्षा थोडी मोठी, आतून राखाडी स्पंजने मढवलेली, एका अंगाला जाड काच. पेशंट आत बसायचा, हेडफोन लावायचा, आणि काचेबाहेर बसलेली ताई मशीनवरून एकेक बारीक सूर त्याच्या कानात सोडायची. ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. हे काम ती चोवीस वर्षं करत होती. सगळे तिला कानताई म्हणत. डॉक्टरही, खालचा औषधवालाही, आणि चेष्टेत नवराही.

त्या आतल्या खोलीत तिला दिवसातून दहादा जावं लागे. दार लागलं की बाहेरचं जग कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं व्हायचं. नव्या माणसाला तिथे स्वतःच्या रक्ताची सळसळ ऐकू यायची आणि तो घाबरायचा. तिला ती शांतता अंगवळणी पडली होती. इतकी, की संध्याकाळी घरी आल्यावरही तिला सगळं काचेपलीकडचं वाटे. नवरा बोलायचा, ती मान हलवायची, आणि थोड्या वेळाने विचारायची, "काय म्हणालात?"

नवरा टपाल खात्यातून निवृत्त झालेला. जन्मभर पत्रं निवडली, आता पेपरातली शब्दकोडी सोडवायचा. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला तेव्हा त्याची खोली रिकामी झाली. तिथे ठेवायला म्हणून कानताईने खोक्यात येणारं, घरी जोडायचं एक पुस्तकांचं कपाट आणलं. जोडून झालं तेव्हा एक स्क्रू उरला आणि कपाट डावीकडे झुकलं. दोघं बराच वेळ त्या स्क्रूकडे बघत बसले.

"याचं काहीतरी काम असणार," नवरा म्हणाला.

"होतंच. ते आपण केलं नाही."

त्या कपाटाला सरळ करता करता तिला लाकडाचा नाद लागला. व्हिडिओ बघून बघून तिने विजेची करवत घेतली, ड्रिल घेतलं, घासायचं यंत्र घेतलं, आणि मुलाच्या खोलीत एक जुनं भक्कम टेबल टाकून कारखाना थाटला. यंत्रं सुरू केली की अख्खी इमारत दात खातेय असं वाटे. तिने एकदा दवाखान्यातलं आवाज मोजायचं मीटर घरी आणलं, आकडा बघितला आणि कानाला खडाच लावला: कानांवर जाड टोप्या चढवल्याशिवाय बटण दाबायचं नाही. म्हणजे दिवसभर स्पंजची खोली आणि संध्याकाळी कानांवर टोप्या. वस्तू व्हायच्या. एक फळी झाली, एक चपलांचा रॅक झाला. झाल्यावर बऱ्या दिसायच्या. पण करताना तिला कधी एकदा होतंय असं होऊन जायचं. हा छंद आहे की आणखी एक नोकरी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

अशात एक दिवस सुतारबाबा तपासायला आले.

वय अठ्ठ्याहत्तर. सोबत सून, हातात जुने कागद. कामाची पहिली वीस वर्षं हाताने केलेली, नंतरची तीस वर्षं एका मोठ्या लाकूड कारखान्यात यंत्रावर, आणि कान त्या यंत्राने खाल्लेले. सून एकेक वाक्य दोनदा बोलायची, दुसऱ्यांदा त्यांच्या तोंडासमोर जाऊन. बाबा तिच्याकडे बघतच नव्हते. ते स्पंजच्या खोलीच्या दाराकडे बघत होते.

"हे दार कोणी बसवलं?" त्यांनी विचारलं. ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज मोठा होता.

"का हो?" कानताई ओठ नीट दिसतील असं म्हणाली.

"वरची बिजागरी रडतेय."

"तुम्हाला ऐकू येत नाही, आणि बिजागरी रडते म्हणता?"

"दिसतंय ना!"

तिने दार हलवून बघितलं. खरंच, वरच्या बाजूने दार बोटभर ओढलं जात होतं. चोवीस वर्षांत तिच्या लक्षात आलं नव्हतं.

तपासणी झाली. खालचे सूर त्यांना ठीक येत होते. मग रेघ मध्यावर आली आणि दरडीवरून दगड सुटावा तशी खाली गेली. वरचे सगळे सूर संपलेले. कागद त्यांच्या हातात देताना, का कोण जाणे, तिने सांगून टाकलं, "मी पण थोडं सुतारकाम करते, घरी."

बाबांचा चेहरा उजळला. "असं? रंधा कोणता वापरता?"

"रंधा नाही. मशीन आहेत."

बाबांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि ज्या अदबीने परक्याच्या घरातल्या दुःखाबद्दल बोलणं टाळतात त्या अदबीने विषय बदलला.

तीन आठवड्यांनी त्यांचं कानातलं यंत्र आलं. ते बसवलं की माणसं काय करतात हे तिला पाठ होतं. कुणी रडतं, कुणी पंख्याकडे बघतं, कुणी आपल्याच आवाजाला दचकतं. बाबांनी सुनेचं बोलणं नीट ऐकून घेतलं.

"सून गोड बोलते की!" ते म्हणाले. "मला वाटायचं, सारखी रागावते."

"ओरडून बोलायला लागायचं ना बाबा, म्हणून तसं वाटायचं," सून म्हणाली आणि खिडकीकडे वळून उभी राहिली.

मग बाबांनी पिशवीत हात घातला आणि एक रंधा बाहेर काढला. लाकडी, दीड वीत लांब, हात लागून लागून काळपट तुकतुकीत झालेला. सोबत लाकडाची एक पट्टी. ती त्यांनी कानताईच्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवली आणि कुणाला न विचारता रंधा चालवला. एकदा, दोनदा. पातळ ढलपी गोल गोल होत वर आली आणि फायलींवर पडली. बाबा थांबले. मान हलवली.

"नाही. हा तो नाही."

"कोण तो?"

"आवाज. वीस वर्षं झाली ऐकून. मला वाटलं होतं या यंत्राने येईल. वाळूत चालल्यासारखं काहीतरी खरखरतंय नुसतं. आणि तेही कानाने ऐकतोय की हाताने, कळत नाही. मी रंधा मारला की हात आधी ऐकतो."

कानताईला नेमकं काय झालंय ते कळत होतं. वरचे सूर त्यांचे कान घेतच नव्हते. तिकडची वाट कायमची बुजली होती. पण यंत्रात एक सोय असते. वरच्या पट्टीतला आवाज उचलून खालच्या पट्टीत आणून सोडायचा, जसा उंच फळीवरचा डबा हात पोचेल अशा फळीवर आणून ठेवावा. फक्त कोणता आवाज उचलायचा, कुठे आणून ठेवायचा, हे ऐकून ऐकून जुळवावं लागतं. तिने ते बाबांना समजावलं.

"म्हणजे दुसऱ्या कुणीतरी रंधा मारला पाहिजे, आणि मी नुसतं बसून ऐकलं पाहिजे," बाबा म्हणाले.

"हो. तुमच्या घरी कुणी..."

"कुणी नाही. मुलगा कॉम्प्युटरवर असतो." त्यांनी रंधा उचलून तिच्यासमोर ठेवला. "तुम्ही शिका. सुतारकाम करता म्हणालात ना."

असा तो रंधा कानताईच्या घरी आला.

पहिल्या संध्याकाळी तिने पट्टी टेबलावर दाबून धरली आणि रंधा ढकलला. तो गेलाच नाही. जोर लावला तेव्हा बेडकासारख्या उड्या मारत गेला आणि पट्टीवर खड्डे पाडून थांबला. दुसऱ्या दिवशी लाकूड उपटलं गेलं. तिसऱ्या दिवशी पात्याला धरून ठेवणारी पाचर निसटली आणि पातं जमिनीवर पडलं. नवरा दारात उभा होता. पेन्सिल कानावर, कोडं हातात.

"मशीनचा आवाज परवडला," तो म्हणाला. "तो निदान एकसारखा असतो. हे म्हणजे कुणीतरी दातदुखीने विव्हळतंय."

"तुम्ही जा बरं आत."

"जातो. 'नाचता येईना' या म्हणीचा उत्तरार्ध सहा अक्षरी काय असेल?"

"कोडं सोडवा, मला टोचू नका."

दोन आठवडे असेच गेले. ज्या आवाजासाठी हे सगळं चाललं होतं, तो काही येईना. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिने रंधा टॉवेलात गुंडाळला आणि बाबांचं घर गाठलं.

बाबांची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. अरुंद, लांब, एकाच खिडकीची. भिंतीवर हत्यारं टांगलेली, आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने त्याचीच बाह्यरेषा काढलेली, म्हणजे हत्यार काढलं तरी त्याची सावली जागेवर राही. बाबांनी रंधा उलटा केला, पातं काढलं, उजेडाकडे धरलं.

"इकडे बघ," ते म्हणाले. शिकवायला लागले तसे त्यांचं 'तुम्ही' आपोआप गळून पडलं. "टोकाला पांढरी रेघ चमकतेय, दिसते?"

"हो. धार आहे ना ती."

"धार दिसली म्हणजे धार नाही. जिथे बोथट आहे तिथे उजेड बसतो. खऱ्या धारेवर उजेडालाही बसायला जागा नसते."

मग त्यांनी निसणा काढला, मधोमध झिजून होडीसारखा झालेला जुना दगड, आणि दुसरा एक सपाट, नवा. निसण्यावर पाणी शिंपडलं. तिचे दोन्ही हात धरून पात्यावर ठेवले आणि वर आपले ठेवले. त्यांची बोटं लाकडासारखीच कोरडी आणि कोमट होती. पातं दगडावर पुढे गेलं, मागे आलं. पुढे, मागे. राखाडी पाणी साचत गेलं. बोलायचं असं काहीच नव्हतं. दगडाचा आवाज आधी खरखर होता, मग सरसर झाला, मग जवळजवळ काहीच उरलं नाही, आणि कानताईला वाटलं की आपण स्पंजच्या खोलीतल्याच शांततेत आलोय, पण या शांततेला खिडकी आहे. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. सून चहा ठेवून गेली तोही गार झाला.

"आता बघ."

रेघ नव्हती. बाबांनी पात्याने मनगटावरचे चार केस काढून दाखवले. पातं परत बसवलं, पाचर ठोकली, आणि छोट्या हातोडीने पात्याच्या डोक्यावर टिचकी मारली. "अशी मारली की खाली येतं. मागच्या अंगाला मारली की वर जातं. केसभर. जास्त हाव करायची नाही. आणि लाकडाच्या रेघा कुणीकडे चालल्यात ते आधी बघायचं. मांजराच्या पाठीवरून आपण उलटा हात फिरवतो का?"

"नाही."

"मग लाकडाने काय घोडं मारलंय?"

तिने रंधा ठेवला. या वेळी ढकलावा लागलाच नाही. ती नुसती पुढे झुकली आणि तो तिच्याबरोबर गेला. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, न अडखळता. आणि आवाज आला.

चोवीस वर्षं आवाज मोजण्यात गेलेल्या बाईला तो कुठल्याच खान्यात बसवता येईना. वारा म्हणावा तर त्याला कड होती. रेशमी कापड फाडल्यासारखा म्हणावा तर त्यात फाटणं नव्हतं. सगळ्यांत वर, ऐकण्याच्या पार काठावर, एक पातळ शीळ होती. तिच्याखाली लाकडाचा पोकळ, उबदार घुमारा. आणि दोन्ही एकाच श्वासात सुरू होऊन एकाच श्वासात संपणारे. रंध्याच्या तोंडातून ढलपी वर आली. एवढी तलम, की तिने ती डोळ्यांसमोर धरली तर पलीकडची खिडकी दिसली, फिकट पिवळी, जुन्या उन्हासारखी.

"आला?" बाबांनी विचारलं. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

तिने रंधा मागे आणला आणि पुन्हा पुढे झुकली.

त्यानंतरच्या सकाळी ती आयुष्यभर विसरली नाही. दवाखान्यात जायच्या आधी तास दीड तास मिळायचा. मुलाच्या खोलीत पूर्वेचं ऊन तिरपं यायचं, टेबलावरून हळूहळू सरकायचं, आणि ती त्या उन्हाबरोबर एखादी फळी तासत जायची. बटण दाबायचं नव्हतं, टोप्या घालायच्या नव्हत्या. खालून जाणारी सायकल ऐकू यायची. शेजारी कुणीतरी नळ सोडायचं. नवऱ्याच्या सपाता स्वयंपाकघरातून निघायच्या, पॅसेजमध्ये एकदा थांबायच्या, म्हणजे तो पेपर उचलायचा, आणि मग दारापर्यंत यायच्या. त्या सपातांना चाल आहे, डावी उजवीपेक्षा अंमळ लांब पडते, हे तिला लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांनी समजत होतं. लाकूडही काहीबाही सांगायचं. गाठ जवळ आली की आवाज आधीच आखडायचा. रेघा फिरल्या की तो घोगरा व्हायचा, आणि ती फळी उलटी करून दुसऱ्या टोकाने सुरू करायची. कधी कधी तिला वाटायचं, आपण काही करतच नाही आहोत, कुणीतरी फळीच्या आत झोपलंय आणि आपण फक्त त्याच्या अंगावरची एकेक चादर काढतोय. गुडघ्यापर्यंत ढलप्या साठायच्या. त्यांच्यात पाय घालून ती उभी राहायची, उथळ पाण्यात उभं राहावं तशी.

नवऱ्याने हळूच आपली खुर्ची त्या खोलीत आणली.

"इथे उजेड बरा आहे," तो म्हणाला.

"कालपर्यंत नव्हता का?"

"कालपर्यंत दातदुखी होती." थोड्या वेळाने पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला, "अठ्ठावीस वर्षं मी या घरात आहे. आणि हा रंधा कानामागून आला आणि तिखट झाला."

ती हसली. आणि तिच्या लक्षात आलं की त्याने ते वाक्य अगदी हळू म्हटलं होतं, आणि तिला ते पुन्हा न विचारता ऐकू आलं होतं.

महिन्याभराने तिने सुतारबाबांना निरोप पाठवला. ते सुनेबरोबर दवाखान्यात आले. कानताईने टेबल रिकामं करून ठेवलं होतं, फळी पक्की बसवली होती. बाबांना तिने पाठमोरं बसवलं, म्हणजे डोळ्यांनी फसायला नको. मग ती एकदा रंधा मारायची, कॉम्प्युटरपाशी जाऊन यंत्राचं काहीतरी खालीवर करायची, आणि परत येऊन रंधा मारायची.

"आता?"

"वाळू."

"आता?"

"भांडं घासतंय कुणीतरी."

"आता?"

"हे तर डास!"

सून तोंडाला रुमाल लावून हसत होती. कानताईला मात्र आता कळत होतं ती कशाच्या मागे आहे. पूर्वी तिने ते आकड्यांवर शोधलं असतं. आता तिला माहीत होतं की त्या आवाजाचा जीव वरच्या शिळेत नाही. शीळ आणि घुमारा एकत्र निघतात आणि एकत्र संपतात, त्यात आहे. शीळ खाली आणायची, पण घुमाऱ्यापासून तोडायची नाही. तिने शेवटचा एक फरक केला, परत आली, हात पुसले, आणि फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंधा नेला.

तिने पुन्हा नेला. बाबांचे खांदे सैल झाले. मान किंचित कलली, दूरवरून ओळखीचं कुणी चालत येताना बघावं तशी. तिने तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, कितीतरी वेळा रंधा नेला. बाहेर पेशंट थांबले होते. दारावर टकटक झाली तिकडे तिने सरळ कानाडोळा केला.

"तो नाही हा," बाबा शेवटी म्हणाले. "पण त्याचा भाऊ आहे. चेहरामोहरा तोच."

"म्हणजे दुधाची तहान ताकावर," सून म्हणाली.

"ताकाला काय झालंय? वीस वर्षं तेही नव्हतं." ते खुर्चीत वळले. डोळे ओले होते, पण आवाज तक्रारीचा होता. "आणि पोरी, मध्यावर आलीस की तुझा उजवा हात दाबतो. ऐकू येतंय मला."

रंधा ते परत घेऊन गेले. कानताईला आतून वाटलं होतं की ते म्हणतील, ठेव तुझ्याकडे. ते तसं म्हणाले नाहीत. आता ऐकू येत होतं, मग रंधा त्यांनाच हवा होता. त्या आठवड्यात सुनेचा फोन आला, की बाबा सकाळपासून मागच्या खोलीत आहेत, घरातल्या सगळ्या दारांच्या कडा तासून झाल्या, आता काय करायचं?

"चांगलं जाड लाकूड आणून द्या," कानताई म्हणाली.

स्वतःसाठी तिने जुन्या बाजारात रंधा शोधला. भंगाराच्या ढिगात, कुलपांच्या आणि नळांच्या खाली. पातं गंजून तपकिरी झालेलं, लाकडाला एका बाजूने चीर. विकणाऱ्याला तो काय आहे हे माहीत नव्हतं; त्याला ती दारामागे लावायची पाचर वाटत होती. बाबांनी तो हातात घेऊन चीर बघितली, नाक मुरडलं, आणि मग तीन रविवार दोघांनी मिळून त्याला माणसात आणलं.

विजेचं ड्रिल तिने ठेवलं. भिंतीत भोकं पाडायला लागतंच. बाकीची यंत्रं इमारतीतल्या एकाला देऊन टाकली. त्या वर्षात तिने फक्त एक स्टूल केलं. चार पाय, चार आडव्या पट्ट्या, खिळा एकही नाही; पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे तासून काढलेली जीभ, आणि पायात त्याच्या मापाचं भोक, पटाशीने कोरलेलं. पहिली दोन भोकं तिरपी गेली, ते दोन्ही पाय टाकून द्यावे लागले. तिसरा पाय कोरताना तिला जाणवलं की आता आपण कधी संपतंय याची वाट बघत नाही आहोत. स्टूल उभं राहिलं तेव्हा नवऱ्याने त्यावर बसून बघितलं, डावीकडे कललं का बघितलं, उजवीकडे बघितलं.

"स्क्रू उरला का एखादा?" त्याने विचारलं.

"लागलाच नाही एकही."

मुलगा सुट्टीला आला तेव्हा त्याला झोपायला आपल्या खोलीत जागा नव्हती. त्याने फळ्या भिंतीला लावून ठेवल्या, ढलप्या एका कोपऱ्यात सारल्या आणि जमिनीवरच गादी टाकली. सकाळी कानताई दबक्या पावलांनी हत्यार घ्यायला आत आली. तो जागाच होता, छताकडे बघत पडलेला.

"झोप लागली का रे?"

"लागली. वास छान आहे गं इथे." तो कुशीवर वळला. "काय करणार आहेस आता?"

"काही नाही. ही एक फळी सपाट करायचीय."

"कशासाठी?"

तिने फळी टेबलावर ठेवली, तिच्यावरून एकदा तळहात फिरवला. खिडकीत ऊन नुकतंच येत होतं.

"अजून ठरवलं नाही," ती म्हणाली. "तू झोप."

तो झोपला नाही. हाताची उशी करून, डोळे मिटून, तो ऐकत पडून राहिला.